मंडळी एक की अनेक? गावची मंडळी आणि सार्वत्रिक मंडळी

रविवारची उपासना चालू आहे. सगळे उभे राहून प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणतात आणि 'पवित्र सार्वत्रिक मंडळी'वर आपला विश्वास असल्याचं एका सुरात कबूल करतात. अर्ध्या तासाने चिटणीस पुढे येऊन सूचना वाचतात: मंडळीची वार्षिक सभा पुढच्या रविवारी आहे, ज्यांची वर्गणी राहिली असेल त्यांनी ती त्याआधी भरावी. दोन्हीकडे शब्द एकच आहे, मंडळी. पहिली मंडळी जगभर पसरलेली आणि पिढ्यानपिढ्यांची. दुसरीची हजेरी घेता येते, तिच्या छपराची गळती मोजता येते आणि तिच्यात कोण कोणाशी बोलत नाही हेही सगळ्यांना ठाऊक असतं.

या दोन मंडळ्या वेगळ्या आहेत का? एक खरी आणि दुसरी तिची नक्कल आहे का? की एक पूर्ण आणि दुसरी तिचा तुकडा? ख्रिस्ती विश्वासातले बरेच वाद, अगदी लग्नाचा दाखला किंवा दफनभूमीतली जागा यांवरून होणारे वादसुद्धा, शेवटी याच प्रश्नाशी येऊन थांबतात. म्हणून तो नीट उकलायला हवा.

शब्द काय सांगतो

नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे 'एक्क्लेसिया'. ग्रीक शहरांत नागरिकांना बोलावून जी सभा भरवत, तिला हे नाव होतं. इफिसच्या नाट्यगृहात पौलाविरुद्ध दंगा झाला, त्या प्रेषितांची कृत्ये १९ व्या अध्यायातल्या गर्दीलाही लूकने हाच शब्द वापरला आहे. यहुदी लोकांनी जुना करार ग्रीकमध्ये नेला तेव्हा देवासमोर जमलेल्या इस्राएलसाठीही अनेक ठिकाणी हाच शब्द घेतला. म्हणजे ज्यांच्या कानावर तो पहिल्यांदा पडला त्यांना त्यात 'बोलावून जमवलेली माणसं' ऐकू आली. इमारतीचा त्यात मागमूस नव्हता.

मराठी प्रॉटेस्टंट भाषांतरांनी 'मंडळी' हा शब्द निवडला. तो मोठा नेमका आहे, कारण घरात, गावात, नाटकाच्या आधी आपण माणसांनाच मंडळी म्हणतो. मराठी कॅथलिकांत 'ख्रिस्तसभा' रूढ आहे. त्यातही जमलेली माणसंच आहेत. गोव्यात आणि वसईत मात्र 'इगर्ज' म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज 'इग्रेजा'तून आला आणि त्याची मुळी थेट 'एक्क्लेसिया'त आहे, पण बोलण्यात त्याचा अर्थ वास्तू असाच झाला आहे. इगर्जेची घंटा, इगर्जेचं आवार. माणसांचं नाव दगडविटांना चिकटलं की 'सार्वत्रिक' कल्पना डोळ्यांपुढे आणणं अवघड जातं, कारण सार्वत्रिक इमारत असूच शकत नाही. या विषयातला निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

एकाच शुभवर्तमानात दोन्ही अर्थ

चार शुभवर्तमानांत हा शब्द फक्त मत्तयात येतो, तोही दोनच वचनांत. १६:१८ मध्ये येशू पेत्राला सांगतो की या खडकावर मी आपली मंडळी रचीन आणि अधोलोकाचं तिच्यापुढे काही चालणार नाही. ही एकवचनी, ख्रिस्ताची, कायमची मंडळी आहे. दोन अध्याय पुढे, १८:१७ मध्ये, अपराध करणाऱ्या भावाशी कसं वागावं याच्या पायऱ्या आहेत. आधी त्याला एकट्याला गाठ. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत ने. तरीही ऐकलं नाही तर मंडळीला कळव. हे सांगणं जगभरच्या विश्वासणाऱ्यांना उद्देशून असू शकत नाही. या मंडळीत तो भाऊ ओळखीचा आहे, सर्वांना त्याचं नाव माहीत आहे आणि तो परत आला तर मिठी मारायलाही तीच माणसं आहेत.

पौलाच्या पत्रांत या शब्दाची तीन मापं दिसतात. सर्वांत लहान माप घराचं. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांच्या घरी जमणारी मंडळी, लावदिकीयात नुंफेच्या घरची, फिलेमोनाच्या घरची. मधलं माप शहराचं: करिंथ, थेस्सलनीका, किंख्रिया. प्रांताची गोष्ट निघाली की पौल बहुधा अनेकवचन वापरतो: गलतीयातल्या मंडळ्या, यहूदीयातल्या मंडळ्या. सर्वांत मोठं माप इफिस आणि कलस्सै येथल्या लोकांना लिहिलेल्या पत्रांत सापडतं. तिथे मंडळी म्हणजे ख्रिस्ताचं शरीर, आणि तिचं मस्तक तो स्वतः.

आता १ करिंथ १:२ जरा जवळून पाहू. पौल 'करिंथकरांची मंडळी' असं लिहीत नाही. तो लिहितो, 'करिंथ येथे असलेली देवाची मंडळी'. मंडळी देवाची आहे आणि ती करिंथात आहे, जसं एखादं कुटुंब मुक्कामाला कुठेतरी असतं. शिवाय हे लोक काही नमुनेदार नव्हते. त्यांच्यात गट पडले होते, भाऊ भावाला कोर्टात खेचत होता, प्रभुभोजनाला श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. अशा मंडळीला पौल देवाच्या मंडळीचा करिंथमधला तुकडा किंवा शाखा म्हणत नाही. पूर्ण नाव त्यांना देतो, आणि त्याच नावाच्या जोरावर त्यांना खडसावतो.

मराठी कुठे असते?

तुकडा नाही, नक्कल नाही, मग नातं कसलं? एक उदाहरण आपल्या भाषेचंच घेऊ. मराठी भाषा नेमकी कुठे असते? वऱ्हाडात बोलतात ती मराठी, मालवणात बोलतात ती मराठी, वसईच्या वाडीत बोलतात ती मराठी. यांतली कुठलीही 'एक दशांश मराठी' नाही. वऱ्हाडातली आजी नातवाला गोष्ट सांगते तेव्हा ती अख्खी मराठी बोलत असते. पण 'आमच्या तालुक्याबाहेर मराठी नाहीच' असं ती म्हणू लागली तर ते खोटं ठरेल. आणि कुणी म्हणाला की मी कुठल्याच गावची मराठी बोलत नाही, फक्त 'सर्वसाधारण मराठी' बोलतो, तर तो तोंड उघडताच कुठलातरी हेल ऐकू येईल.

गावची मंडळी आणि सार्वत्रिक मंडळी यांचं नातं बरंचसं असंच आहे. सार्वत्रिक मंडळी कुठे भेटेल, तर कुठल्यातरी गावात, ठरावीक वेळी, ठरावीक माणसांत. आणि गावची मंडळी खरी मंडळी केव्हा, तर ती स्वतःच्या कुंपणापलीकडच्या सर्वांशी एका विश्वासात, एका बाप्तिस्म्यात जोडलेली असते तेव्हा. उदाहरणाला मर्यादाही आहे. भाषा लोकांच्या वापराने घडते, तर मंडळीला ख्रिस्त बोलावतो आणि एकत्र ठेवतो, हा ख्रिस्ती विश्वासाचा गाभा आहे. म्हणून सगळ्या गावच्या मंडळ्यांची बेरीज केली की सार्वत्रिक मंडळी तयार झाली, असं होत नाही. आधीच होऊन गेलेले विश्वासणारेही तिच्यात आहेत, आणि ते कुठल्याच गावच्या आजच्या यादीत नाहीत.

इथे एक फरक फार महत्त्वाचा आहे आणि तो सहसा कुणी सांगत नाही. 'अधोलोकाचं काही चालणार नाही' हे वचन सार्वत्रिक मंडळीला दिलेलं आहे. ते प्रत्येक गावच्या मंडळीला लागू होत नाही. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात इफिसच्या मंडळीला स्पष्ट बजावलं आहे की पश्चात्ताप केला नाहीस तर तुझी समई तिच्या जागेवरून काढून टाकीन. आज इफिसच्या अवशेषांत पर्यटक फिरतात. एखादी गावची मंडळी विझू शकते. तसं झालं म्हणून ख्रिस्ताचं वचन मोडलं असं होत नाही, आणि ते वचन आहे म्हणून आपली मंडळी आपोआप टिकेल असंही नाही. प्रकटीकरणात अशी सात मंडळ्यांना सात पत्रं आहेत, आणि त्यांत आणखी एक बारकावा आहे. प्रत्येक पत्र एकाच मंडळीला लिहिलेलं आहे, पण प्रत्येकात आत्मा 'मंडळ्यांना' काय सांगतो ते ऐका असं अनेकवचन येतं. पर्गमची कानउघाडणी सार्दीसनेही ऐकायची आहे.

सार्वत्रिक आणि अदृश्य: एक नेहमीची गल्लत

'सार्वत्रिक मंडळी म्हणजे अदृश्य मंडळी' असं पुष्कळदा शिकवलं जातं. खरं तर ही दोन वेगवेगळी वर्गीकरणं आहेत. स्थानिक आणि सार्वत्रिक हा फरक विस्ताराचा आहे: एका जागची की सर्व जागांची. दृश्य आणि अदृश्य हा फरक ओळखण्याचा आहे: यादीत नाव असलेले कोण, आणि देव ज्यांना आपले म्हणून ओळखतो ते कोण. सार्वत्रिक मंडळीला दृश्य बाजूही आहे. जगभर बाप्तिस्मा झालेली, विश्वास उघड कबूल करणारी माणसं दिसतातच. उलट गावच्या मंडळीलाही अदृश्य बाजू आहे, कारण बाकावर बसलेल्या पन्नास जणांच्या मनातलं पाळकसाहेबांना दिसत नाही.

हा फरक उत्तर आफ्रिकेतल्या एका मोठ्या फुटीतून नीट मांडला गेला. सम्राट डायोक्लेशियनच्या छळात, ३०३ नंतर, काही पाळकांनी पवित्र शास्त्राच्या प्रती सैनिकांच्या हवाली केल्या होत्या. छळ संपल्यावर कार्थेजमध्ये प्रश्न आला की अशा माणसाच्या हातून अभिषेक झालेला बिशप चालेल का. डोनाटस ज्यांचा पुढारी झाला त्या गटाने ठाम नकार दिला. त्यांच्या मते शुद्ध मंडळी तेवढीच खरी, आणि ती आता आमच्याकडेच उरली आहे. शंभर वर्षांनी हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याने त्यांना दोन उत्तरं दिली. पहिलं म्हणजे, देवाने अब्राहामाला पृथ्वीवरच्या सर्व राष्ट्रांचं वचन दिलं, ते आफ्रिकेच्या एका कोपऱ्यात कसं आटलं? दुसरं म्हणजे, शेतात गहू आणि निदण कापणीपर्यंत सोबत वाढतात, आणि निवडण्याचं काम आपलं नाही. ४११ मध्ये कार्थेजला दोन्ही बाजूंचे मिळून साडेपाचशेहून अधिक बिशप समोरासमोर बसले. निकाल डोनाटस गटाच्या विरुद्ध गेला. पुढे सरकारी बळही त्यांच्यावर वापरलं गेलं आणि ऑगस्टिनने त्याचं समर्थन केलं. ही त्याच्या शिकवणीची दुखरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवू नये.

जोडणारे धागे

गावोगावच्या मंडळ्या एक आहेत हे नुसतं म्हणून भागत नाही, ते दिसावंही लागतं. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी त्यासाठी अगदी हाताला लागतील अशा गोष्टी केल्या.

पैसा हा त्यातला पहिला धागा. यरुशलेमच्या गरिबांसाठी पौलाने वर्गणी गोळा केली, तिची पद्धत १ करिंथ १६ मध्ये आहे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं, म्हणजे मी आल्यावर धावपळ नको. रक्कम कोण नेणार, तर तुम्ही स्वतः निवडाल ती माणसं, पत्र देऊन. २ करिंथ ८ मध्ये तो कारणही सांगतो: एवढ्या मोठ्या देणगीबद्दल कुणी बोट दाखवू नये. प्रेषितांची कृत्ये २०:४ मध्ये त्याच्याबरोबर निघालेल्या सात जणांची नावं आहेत, आणि बहुतेकांची गावं किंवा प्रांतही: बिरुया, थेस्सलनीका, दर्बे, आसिया. वर्गणीचं ओझं गावचं, गरज दुसऱ्याच गावची, आणि हिशेब सर्वांसमोर. आजच्या कुठल्याही मंडळीच्या खजिनदाराने हे दोन अध्याय एकत्र वाचावेत.

दुसरा धागा बिशपचा. ३२५ च्या नायकिया परिषदेच्या चौथ्या नियमाप्रमाणे नवा बिशप प्रांतातल्या सर्व बिशपांनी मिळून नेमावा. ते जमत नसेल तर निदान तिघांनी हजर राहावं आणि बाकीच्यांनी पत्राने संमती द्यावी. गावाला बिशप हवा, पण गाव एकट्याने तो करू शकत नाही.

तिसरा धागा भाकरीचा. रोममध्ये एक देखणी रीत होती. बिशपने अर्पण केलेल्या पवित्र भाकरीचा लहान तुकडा रविवारी शहरातल्या इतर चर्चमध्ये पाठवत. त्याला 'फर्मेंटम', म्हणजे खमीर, म्हणत. तिथला पाळक आपल्या उपासनेत तो मिसळत असे, म्हणजे आपण बिशपच्या मेजाशीच जोडलेले आहोत हे सर्वांना कळे. ४१६ मध्ये रोमचा बिशप पहिला इनोसंट याने एका पत्रात ही रीत समजावली आहे. शहराबाहेरच्या लांबच्या ठिकाणी तुकडा पाठवू नये असंही तो लिहितो, कारण ही पवित्र वस्तू दूरवर नेऊ नये. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये असाच धागा आजही जिवंत आहे. ग्रीक-रशियन परंपरेत वेदीवर बिशपच्या सहीचं एक कापड, 'अँटिमेन्शन', अंथरल्याशिवाय पाळकाला उपासना करता येत नाही. सुरियानी परंपरेत बिशपने पवित्र केलेली लाकडी पाटी असते. मुंबई-पुण्यातल्या मलंकारा, म्हणजे मूळ केरळच्या सुरियानी परंपरेच्या, चर्चमध्येही ती वेदीवर असते.

कोण काय मानतं

कॅथलिक शिकवणीत एक गोष्ट आधी सुधारून घ्यावी लागते. तिथे 'स्थानिक ख्रिस्तसभा' म्हणजे धर्मग्राम (पॅरिश) नव्हे. पूर्ण अर्थाने स्थानिक ख्रिस्तसभा म्हणजे बिशपचा धर्मप्रांत. वसईचा धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा झाला, तेव्हा कॅथलिक समजुतीप्रमाणे एक नवी स्थानिक ख्रिस्तसभा उभी राहिली. त्यातली धर्मग्रामं हे तिचे भाग. मिस्सा ऐकताना लक्ष द्या: मुख्य प्रार्थनेत पोप यांचं नाव येतं आणि लगेच तिथल्या बिशपचं. रोज, प्रत्येक वेदीवर, ही दोन नावं शेजारी असतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटलं की एकच सार्वत्रिक ख्रिस्तसभा स्थानिक ख्रिस्तसभांत आणि त्यांच्यातून अस्तित्वात येते. 'त्यांच्यात' आणि 'त्यांच्यातून' हे दोन्ही शब्द मुद्दाम ठेवलेले आहेत. मग आधी कोण? १९९२ मध्ये व्हॅटिकनच्या विश्वासशिक्षण विभागाने एका पत्रात सार्वत्रिक ख्रिस्तसभेला अग्रक्रम दिला. त्यावर दोन जर्मन धर्मपंडितांचा, योसेफ रात्झिंगर आणि वाल्टर कास्पर यांचा, काही वर्षं जाहीर वाद चालला. रात्झिंगर म्हणत की पेंटेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या, दिवशी मंडळी पहिल्या क्षणापासून सर्व भाषा बोलत होती, म्हणजे सार्वत्रिक आधी. कास्पर म्हणत की ती यरुशलेममध्ये होती, म्हणजे त्याच क्षणी स्थानिकही होती, दोन्ही एकदम. वाद वरवर शब्दांचा वाटतो, पण त्यातून ठरतं की स्थानिक बिशपला आपल्या लोकांच्या अडचणीत किती मोकळीक आहे.

ऑर्थोडॉक्स उत्तर सरळ आहे. बिशपभोवती प्रभुभोजनासाठी जमलेली मंडळी पूर्ण मंडळी आहे, आणि ती इतर सर्व तशा मंडळ्यांशी सहभागितेत असली पाहिजे. सर्वांवर अधिकार चालवणारा एक बिशप नाही.

प्रॉटेस्टंट सुधारणेने मंडळी कशी ओळखायची याची खूण बदलली. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीच्या सातव्या कलमाप्रमाणे जिथे सुवार्ता शुद्धपणे शिकवली जाते आणि विधी सुवार्तेप्रमाणे दिले जातात, ती मंडळी. ऐक्यासाठी एवढं पुरेसं, सगळीकडे सारख्या रीती असल्याच पाहिजेत असं नाही. पुढे व्यवस्थेचे तीन नमुने पडले. अँग्लिकनांत बिशप. प्रेस्बिटेरियनांत वडीलमंडळ आणि त्यावर प्रेस्बिटरी, म्हणजे अनेक मंडळ्यांची मिळून सभा. काँग्रिगेशनल आणि बॅप्टिस्टांत प्रत्येक गावची मंडळी आपला पाळक स्वतः निवडते, सभासद स्वतः घेते, आणि तिच्यावर कुणी वरचा नसतो. स्वायत्त मंडळी म्हणजे सार्वत्रिक मंडळी नाकारणारी, असा गैरसमज मात्र करू नये. इंग्लंड-वेल्सच्या बॅप्टिस्टांनी १६८९ मध्ये लंडनच्या सभेत स्वीकारलेल्या कबुलीत सार्वत्रिक मंडळीचा स्पष्ट स्वीकार आहे.

आपल्याकडे हे कसं उतरलं

मराठी मुलखात हे सगळे नमुने मिशनांबरोबर आले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. ते काँग्रिगेशनल परंपरेचं. त्यामुळे अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) भागात 'आमची मंडळी, आमचा निर्णय' ही सवय खोल रुजली. पुण्या-मुंबईत स्कॉटिश मिशनचा प्रेस्बिटेरियन नमुना होता. १९२४ मध्ये या दोन्ही परंपरांच्या मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आल्या. मग २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं: अँग्लिकन, युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट आणि डिसायपल्स. बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि केवळ विश्वास कबूल करणाऱ्यांनाच देणारे, दोघेही एका छपराखाली आले. दोन्ही रीती मान्य झाल्या.

नगरच्या जुन्या मंडळीच्या दृष्टीने पाहा. आजोबांच्या काळी पाळक निवडण्याचा अधिकार मंडळीचा. नातवाच्या काळी बिशप आहे, धर्मप्रांताची समिती आहे आणि पाळकांच्या बदल्याही आहेत. यातून कुरबुर होते, तेव्हा ती फक्त माणसांच्या स्वभावाची नसते. दोन प्रामाणिक ईश्वरशास्त्रं एकाच बाकावर बसलेली असतात. हे ओळखलं तर सभेतलं बोलणं थोडं सौम्य होऊ शकतं.

आपल्याकडच्या दोन थोर व्यक्तींनी हा ताण स्वतः झेलला. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वॉन्टेज इथे अँग्लिकन चर्चमध्ये झाला. नंतर वॉन्टेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनला लिहिलेल्या पत्रात त्यांनी ठामपणे कळवलं की मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण पाळक-बिशपांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही. सार्वत्रिक मंडळीचं सभासदत्व त्यांनी विवेकाचा आधार म्हणून वापरलं. आणि तरीही पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये शेकडो स्त्रिया-मुलींसोबत रोजची प्रार्थना, स्वयंपाक, शेती असलेलं ठोस सामूहिक जीवन त्यांनीच उभारलं. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तभक्त यावेत अशी त्यांची इच्छा होती. मंडळीची सीमा सभासदांच्या यादीपाशी संपते का, हाच त्यांचा प्रश्न होता. १९१९ मध्ये त्यांचं निधन झालं. प्रश्न तसाच उभा आहे.

रोजच्या व्यवहारात कुठे अडतं

बाप्तिस्मा सार्वत्रिक मंडळीत होतो, पण नोंद गावच्या वहीत होते. पाण्याने, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्चही मान्य करतं, मग तो सीएनआयच्या पाळकाने दिलेला असो. तो पुन्हा देत नाहीत. खरोखर शंका असेल तरच सशर्त देतात. बॅप्टिस्ट आणि बऱ्याच पेंटेकॉस्टल मंडळ्या मात्र बालपणीचा बाप्तिस्मा मानत नाहीत. त्यांच्या दृष्टीने ते दुसऱ्यांदा देणं नसून पहिल्यांदाच देणं आहे. तिसऱ्या शतकात कार्थेजचा सिप्रियन आणि रोमचा स्टीफन यांच्यात याच्याच जवळचा वाद पेटला होता. फुटलेल्या गटाने दिलेला बाप्तिस्मा चालतो का, हा तो प्रश्न.

कॅथलिकांत स्नानसंस्काराची (बाप्तिस्म्याची) वही कायम त्याच धर्मग्रामात राहते, माणूस कुठेही गेला तरी. दृढीकरण, लग्न, गुरुदीक्षा झाली की ती बातमी त्या पहिल्या धर्मग्रामाला कळवतात आणि मूळ नोंदीच्या समासात ती लिहिली जाते. म्हणून लग्नाच्या वेळी जुना, घरात जपून ठेवलेला दाखला चालत नाही. बहुधा सहा महिन्यांच्या आतला ताजा उतारा मागतात, कारण समासात आधीच्या लग्नाची नोंद आहे का हे त्यातच कळतं. वसईत जन्मलेल्या आणि दुबईत राहणाऱ्या मुलाला वसईलाच पत्र लिहावं लागतं. हे निष्कारण वाटतं, पण एका माणसाची एक नोंद जगभर एकाच जागी ठेवण्याची ही साधी युक्ती आहे.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सभासद-बदलीचं पत्र असतं. गाव सोडताना पाळकांकडून ते मागून घ्यावं. त्यात कुटुंबातल्या सर्वांची नावं, बाप्तिस्म्याची आणि दृढीकरणाची तारीख, प्रभुभोजनातला सहभाग आणि वर्गणी कुठपर्यंत भरली, एवढं असावं. नव्या मंडळीच्या समितीत ते वाचलं जातं, रविवारी स्वागत होतं. यानंतरची पायरी सगळ्यात जास्त चुकते: नव्या मंडळीने जुन्या मंडळीला पोच पाठवायची, म्हणजे तिथे नाव कमी होईल. पोच गेली नाही तर एकच कुटुंब दोन याद्यांत राहतं आणि निवडणुकीच्या वेळी भांडण उभं राहतं. पत्र खिशातच राहिलं तर कुटुंब कुठल्याच यादीत नसतं. मग घरात कुणी गेलं की त्याच दिवशी दफनभूमीची जागा कोण देणार, हा प्रश्न त्या शोकात उभा राहतो. 'आम्ही कुठलीच एक मंडळी मानत नाही, आम्ही सार्वत्रिक मंडळीचे' असं वर्षानुवर्षं म्हणणाऱ्या घरांना हे फार जड जातं. ऑनलाइन उपासना ऐकणाऱ्यांचंही तेच. संदेश कुठूनही ऐकता येतो, पण मत्तय १८ प्रमाणे तुमच्या दाराशी येऊन समजूत काढणारा कुणी नसतो.

मालमत्तेत उलट चूक होते. मंडळी म्हणते की देऊळ, म्हणजे चर्चची इमारत, आमच्या आजोबांनी बांधलं, म्हणजे ते आमचं. कागदावर जागा एखाद्या विश्वस्त संस्थेच्या नावावर असते. महाराष्ट्रात अशा संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. विश्वस्त बदलले की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो, आणि स्थावर मालमत्ता विकायची तर कलम ३६ प्रमाणे पूर्वपरवानगी लागते. तो अहवाल राहून गेला की दहा वर्षांनी दोन समित्या स्वतःला खरी समिती म्हणू लागतात. ऐक्याचे मोठे ठराव झाले आणि कागद मागे राहिले, तिथे खटले झाले आहेत. म्हणून कुठलाही वाद वाढण्याआधी मंडळीने पहिल्यांदा आपल्या नोंदणीचा उतारा काढून, त्यावर कोणाची नावं आहेत ते सभेत मोठ्याने वाचावं.

रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल फीबी या बाईची ओळख करून देतो. दोन वचनं आहेत. पहिल्यात ती कोण ते आहे: किंख्रिया येथल्या मंडळीची सेविका. दुसऱ्यात रोमच्या लोकांना विनंती आहे: पवित्र जनांना शोभेल असा तिचा प्रभूमध्ये स्वीकार करा आणि तिला ज्या कामात गरज पडेल त्यात मदत करा. बदलीच्या पत्रात आजही हेच दोन मजकूर असतात, आणि खाली पाळकांची सही व मंडळीचा शिक्का.